टायमिंगच्या आधी पॉइंट : जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं इग्निशन घरी लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८४ सालची पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर कोल्हापुरात रुईकर कॉलनीत घरी आहे. सपाटीला बरी चालते, पण पन्हाळ्याला निघालं की वाघबीळच्या चढाला दम सोडते, टेंपरेचरचा काटा वर सरकतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट् असा आवाज येतो. टायमिंग मागे गेलंय असं सगळे सांगतायत. घरीच डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारी डबी) जरा फिरवून टायमिंग पुढे घेतलं तर चालेल का?

घरी करता येतं. त्याला लागणारी हत्यारं एका पिशवीत मावतात. पण डिस्ट्रिब्युटर फिरवणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. शिवाजी उद्यमनगरात मी सदतीस वर्षं पेट्रोल गाड्यांचं काम केलं. माझे वस्ताद पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सांगायचे: "पोरा, डेल्को कुणीबी फिरवतंय. आदी पॉइंट बघ." आमच्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेल्को कंपनीचं. चार्ल्स केटरिंगनं तिथं पॉइंट आणि कॉइलची जी इग्निशन उभी केली, तिचंच तत्त्व तुमच्या बॉनेटखाली चालतंय. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत उघडमीट होणारा छोटा स्विच, आणि कॉइल बॅटरीच्या करंटवरून ठिणगीपुरता व्होल्टेज बनवते.

आधी टायमिंग म्हणजे काय ते नीट डोक्यात बसू द्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम फुटत नाही, ते जळत जातं. त्याला साधारण २ मिलिसेकंद लागतात असं धरा. पिस्टन वरून खाली निघाल्यावर लगेच त्याच्या डोक्यावर सगळ्यात जास्त दाब यायला हवा असेल, तर ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधीच पडायला पाहिजे. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५ अंशाला जरा कमी फिरतो, ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश. म्हणून वेग वाढेल तसं टायमिंग पुढे सरकावं लागतं. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं आणि बाजूची व्हॅक्यूमची डबी करते. आपण हातानं लावतो ती फक्त सुरुवातीची खूण. ती मागे राहिली तर मिश्रण उशिरा पेटतं आणि जळत जळतच एक्झॉस्टमध्ये जातं. ताकद कमी, उष्णता जास्त, सायलेन्सरमध्ये फटाके. तुमची तिन्ही लक्षणं इथं जुळतात. खूण फार पुढे गेली तर सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि चढाला आतून खणखण ऐकू येते.

आता मुद्दा असा की तुम्ही डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही, क्लॅम्पही घट्ट आहे, मग टायमिंग मागे गेलं कसं? पॉइंटला एक फायबरची टाच असते. ती डिस्ट्रिब्युटरच्या चौकोनी कॅमवर दिवसरात्र घासते. टाच झिजली की पॉइंटमधला गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी पडते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणालाच. म्हणजे गॅप मिटत जातो तसं टायमिंग आपोआप मागे जातं. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जुळवली तर खूण जुळेल, पण मिटलेला गॅप तसाच राहील. मग पॉइंट जळणार, आणि दोन महिन्यांनी कोणीतरी नवे पॉइंट घालून गॅप बरोबर लावला की टायमिंग भलतंच पुढे गेलेलं असेल. गाडी 'कधी अशी, कधी तशी' होते ती इथून.

तेव्हा कॅपपासून सुरू करा. इंजिन थंड, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला पुढून-मागून वीट. दोन्ही स्प्रिंग क्लिपा काढून कॅप उचला आणि उजेडात नेऊन आतून बघा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती चीर आहे, तिथून करंट पळतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा कॅपची गाडी हमखास मिसफायर मारते. अशी कॅप बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर दबतोय का तेही बघा. रोटर वर ओढून काढा आणि कॅमचा दांडा चिमटीत धरून आडवा हलवून पाहा. दांडा स्पष्ट हलला तर बुश गेलंय. मग चारही टोकांना गॅप वेगवेगळा येणार आणि तुम्ही काहीही लावा, टायमिंग थरथरत राहणार. तसं असेल तर इथंच थांबा, डिस्ट्रिब्युटर उद्यमनगरात घेऊन जा आणि लेथवर नवीन बुश करून घ्या. त्याशिवाय पुढचं सगळं वाया आहे.

पॉइंट बोटानं उघडून त्यांचं तोंड बघा. एका बाजूला उंचवटा आणि समोर खड्डा असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खोटं बोलतं. गेजची पट्टी उंचवट्यावर टेकते, खड्ड्यात जात नाही, त्यामुळे खरा गॅप गेज दाखवतं त्यापेक्षा जास्त असतो. थोडं असेल तर पॉइंटची बारीक कानस फिरवा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण तोंडात अडकतात. खड्डा खोल असेल तर नवीन पॉइंट घाला आणि सोबत कंडेन्सरही बदला, कारण कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट असेच लवकर जळतात.

गॅप लावताना इंजिन हातानं फिरवून टाच कॅमच्या बरोबर टोकावर आणायची. ती टोकाच्या जराही अलीकडे-पलीकडे राहिली तर सगळं माप चुकतं, म्हणून इथं घाई नको. लुकास कंपनीच्या या जातीच्या डिस्ट्रिब्युटरला गॅप १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मी १५ ठेवतो. स्थिर प्लेटचा स्क्रू अर्धाच सैल करा, खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून प्लेट हळूच पिळा, पट्टी जराशी ओढ लागून सरकली पाहिजे. स्क्रू आवळला की गॅप बहुतेक वेळा हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. पट्टीला तेल असेल तर आधी पुसून घ्या, तेल पॉइंटवर जळतं. रस्त्यावर फिलर गेज नसेल तर दाढीची दुधारी ब्लेडं कामाला येतात. एक ब्लेड ०.१ मिलिमीटरचं असतं, चार एकत्र धरली की ०.४. वेळेपुरतं चालतं, घरी मात्र गेजच वापरा. शेवटी कॅमवर टाचेपाशी तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस आणि रोटरखालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब. नुसत्या या ग्रीसनं टाचेचं आयुष्य वाढतं आणि नेमकं तेच लोक विसरतात.

ड्वेल म्हणजे पॉइंट मिटलेले असताना कॅम जितके अंश फिरतो तो कोन. तो मोजायचा ड्वेल मीटर असेल तर या डिस्ट्रिब्युटरला ६० अंश, तीन इकडेतिकडे. ड्वेल १ अंश वाढला की क्रँकवर टायमिंग साधारण १ अंश मागे जातं, एवढा त्यांचा जवळचा संबंध आहे. मी स्वतः अशा कितीतरी गाड्या पाहिल्यात ज्यांचा नुसता गॅप लावल्यावर टायमिंगला हात लावायची गरजच उरली नाही. तुमचीही त्यातलीच निघेल असा माझा अंदाज आहे, पण तपासून खात्री करायची.

आता एक नंबरचा पिस्टन वर आणायचा. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. इग्निशन बंद ठेवून एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला पुलीच्या नटला पाना लावून किंवा हँडलनं इंजिन फिरवायला सांगा. समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं. आतून हवा अंगठा ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकताना, आणि पुलीची खूण दोन्ही वेळा तिथंच येते. अंगठा न लावता नुसत्या खुणेवर विसंबून अर्धा दिवस घालवलेली माणसं माझ्याकडे आलेली आहेत. टॅपेट कव्हर उघडंच असेल तर दुसरी खात्री: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एक मिटतोय, दुसरा उघडतोय असे हलत असतील, तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनला वर असतो.

खुणा कुठं आहेत ते आधी शोधून ठेवा. क्रँकच्या पुलीच्या कडेला एक बारीक खाच असते आणि टायमिंग कव्हरला टोकदार पट्ट्या. या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याच्या इंजिनांत सगळ्यात लांब पट्टी म्हणजे पिस्टन बरोबर वर, आणि बाकीच्या त्याच्या आधीचे ५ आणि १० अंश. जुन्या मांडणीत या पट्ट्या खालच्या अंगाला असतात, त्यामुळे गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारावा लागतो. चाळीस वर्षांचं ग्रीस आणि धूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग खाचेत पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका भरा. पट्ट्या मोडलेल्या असतील तर पुलीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. घेर ४३२ मिलिमीटर भरला तर एक अंश १.२ मिलिमीटर आणि ५ अंश ६ मिलिमीटर. कागदाची पट्टी कापून चिकटवली की झालं. तुमच्या इंजिनाला किती अंश, तो आकडा गाडीसोबतच्या मॅन्युअलमधूनच घ्या. शेजारच्या गाडीचा आकडा घेऊ नका. इथं उदाहरणाला मी ५ धरतो.

इंजिन फिरवत खाच ५ च्या पट्टीसमोर आणायची, आणि ती नेहमी फिरण्याच्या दिशेनंच आणायची. पुढे निघून गेली तर तेवढीच मागे ओढून जुळवू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे फिरवत या. टायमिंग चेन आणि गिअरमध्ये ढील असते, उलट आल्यास ती ढील तुमच्या मापात शिरते.

यापुढचं काम दिव्याचं आहे, आणि मला ते आजही आवडतं. डॅशबोर्डचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी. एक टोक कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला येणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. अर्थिंग प्लस असो वा मायनस, बल्बला फरक पडत नाही. इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असले की बल्ब बंद, उघडले की पेटतो. डोळ्याला न दिसणारा क्षण तो दाखवतो. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, अगदी मोकळा नको, हातानं जड फिरेल इतपतच. अ‍ॅम्बॅसेडरचे नट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना लावून कोपरे खाऊ नका.

या इंजिनात रोटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. खात्रीसाठी कॅप काढलेली असताना कोणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः बघा. त्या वेळी फॅनपासून हात आणि सदऱ्याची बाही लांब ठेवा, आणि त्यानंतर खाच पुन्हा ५ वर, कॉम्प्रेशनच्याच फेऱ्यात आणा. आता डिस्ट्रिब्युटरचं अंग रोटरच्याच दिशेला, म्हणजे घड्याळाच्या उलट, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग रोटरला फिरण्याच्या विरुद्ध हलकं बोट लावून अंग हळूहळू घड्याळाच्या दिशेनं आणा. बल्ब पेटला त्या केसाएवढ्या जागेवर थांबा. क्लॅम्प आवळा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इथं १ अंश हललं तर क्रँकवर २ अंश होतात. म्हणूनच 'जरासा फिरवला' हे मला ऐकवत नाही. लोकांचं जरासं बहुतेक वेळा आठ-दहा अंशांचं असतं.

आवळल्यावर इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. खाच पुन्हा ५ वर येताना बल्ब त्याच क्षणी पेटला तर काम बरोबर. नाही पेटला तर आवळताना अंग सरकलंय, पुन्हा करा. मला आजही कधी कधी तीनदा करावं लागतं. मधे विसरून इग्निशन चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते. मग प्लग, रोटर, कॅप जागेवर. वायरींचा क्रम १-३-४-२, रोटरच्या दिशेनं मोजायचा.

टायमिंग लाइट मिळाला तर इंजिन गरम झाल्यावर, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, मॅन्युअलमधल्या आयडलवर खूण पुन्हा बघा. लाइटचा खरा उपयोग पुढचा आहे. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवताना खूण पुढे सरकत गेली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. सरकलीच नाही तर आतली वजनं गंजून अडकलीत. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत हे नेहमीचं आहे. मग आयडलला कितीही अचूक लावलं तरी घाटात ओढणार नाही. व्हॅक्यूमची डबी तपासायला नळी तोंडात धरून ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि जिभेनं नळी बंद केल्यावर तिथंच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा फाटलाय.

तुम्ही विचारलंय की कानानं लावलं तर काय बिघडतं, जुने लोक तसंच लावायचे. याचं उत्तर मला महागात पडून मिळालंय. सुरुवातीच्या काळात एका भाड्याच्या अ‍ॅम्बॅसेडरचं टायमिंग मी कानानं लावलं. फिरवत गेलो, इंजिन जिथं सगळ्यात गोड आणि जलद फिरलं तिथं आवळलं. मालक खूश. चौथ्या दिवशी ती गाडी माणसांनी भरून वैभववाडीहून करूळ घाटानं वर येत होती, वरपर्यंत खणखणत आली आणि तिथंच बसली. पिस्टन रिंगांच्या जागेवर फुटला होता. आयडलवर इंजिनावर भार नसतो, आणि बिनभाराच्या इंजिनाला टायमिंग जितकं पुढे द्याल तितकं ते खूश होतं. कान तुम्हाला नेहमी पुढेच ओढतो. भार आला की तेच टायमिंग पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर घाव घालतं. त्या मालकाचं आठ दिवसांचं भाडं माझ्यामुळे गेलं. त्यानंतर मी दिव्याशिवाय एकही गाडी सोडली नाही. कानाचं काम आहे, पण ते शेवटी, रस्त्यावर.

तेव्हा इंजिन पूर्ण गरम करून गाडी वाघबीळकडेच घेऊन जा, घरातली तीन-चार माणसं बसवून. हलक्या चढाला टॉप गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि काचा खाली करून ऐका. काचेच्या बरणीत खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. टायमिंग थोडं मागे घ्या. तुमच्या लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमच्या डबीपाशी खरबरीत कडेची छोटी चाकी असेल तर क्लॅम्प सैल करायची गरज नाही. ती चाकी क्लिक क्लिक फिरते, साधारण ११ क्लिकला १ अंश. बाजूला ए आणि आर अक्षरं असतात, ए कडे पुढे, आर कडे मागे. एका वेळी ११ क्लिक, मग पुन्हा तोच चढ. ही चाकी सुरुवातीलाच मध्यावर ठेवा म्हणजे दोन्हीकडे जागा राहते.

पेट्रोलचंही सांगतो. तुमचं मॅन्युअल छापलं तेव्हाचं साधं पेट्रोल आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचं होतं, त्यात शिसं असायचं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं मिळतं, आणि आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेच ते बनवतात. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, म्हणून मॅन्युअलच्या पुढे अंश-दोन अंश गाडी सहन करते. पण मी लोभ करत नाही. एक तर इथेनॉलमुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं. दुसरं, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथं हवा थोडी विरळ. इथं काठावर लावलेली गाडी आंबा घाट उतरून मे महिन्यात रत्नागिरीला नेली की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, वर उकाडा, आणि तिथल्या पहिल्याच चढाला ती ठोकायला लागते. कोकणात जाणं-येणं असेल तर इथं ११ क्लिक मागेच ठेवा.

हे सगळं करूनही गाडी तापत आणि दमत राहिली तर टायमिंगला दोष देणं थांबवा. एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवून बघा, ब्रेक धरून ठेवतोय का. व्हॉल्व्हचे टॅपेट आणि रेडिएटर बघा. सायलेन्सरचा फटका फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच येत असेल तर एक्झॉस्टच्या जोडावरची गळकी गॅस्केटही ते करते.

नवे पॉइंट घातले असतील तर टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते आणि गॅप जरा मिटतो. म्हणून ५०० किलोमीटरवर कॅप उघडून गॅप पुन्हा १५ वर आणा, आणि त्यानंतरच दिवा लावून टायमिंग बघा. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर आणि ब्लॉकवर मिळून एक रेघ मारून ठेवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर, गॅप आणि अंश हे चार आकडे लिहा. पुढच्या वेळी गाडी दमली आणि रेघ तिथंच असली, तर पाना न उचलता थेट कॅपच उघडा.